विमानाची मजल कशी मोजावी: आळंदकरांसाठी थोडा हिशेब

‘मजल दरमजल करत’ असे आपण अजूनही म्हणतो, पण मजल हे कशाचे माप होते हे आता फारसे कुणाच्या लक्षात नसते. मजल म्हणजे एका दिवसात होणारी वाटचाल. कोरड्या माळावर ती लांब पडे, आषाढात काळ्या रानातल्या चिखलात तीच आखूड होई. दोन गावांमध्ये कोस किती हे ठरलेले असे, पण मजला किती हे ऋतू, बैल आणि वाट पाहून सांगितले जाई. अंतराबरोबर कष्ट आणि वेळ मोजणारा हा शब्द विमानाच्या काळात पुन्हा उपयोगी पडणारा आहे. कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यातून आज कुणाला बंगळुरू, मुंबई किंवा दिल्ली गाठायची असेल तर फोनवर पहिली चौकशी होते ती जवळच्या विमानतळाची आणि उड्डाणाला लागणाऱ्या मिनिटांची. दोन्हींची उत्तरे क्षणात मिळतात, दोन्ही बरोबर असतात, आणि तरीही त्यांच्या भरवशावर आखलेला प्रवास बऱ्याचदा फसतो. घराच्या उंबऱ्यापासून मुक्कामाच्या उंबऱ्यापर्यंतचे सगळे तास मांडून मगच विमानतळ निवडावा, हे या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी कर्नाटकाच्या उत्तर टोकाच्या दोन विमानतळांचे, कलबुर्गी आणि बीदरचे, उदाहरण सर्वांत सोयीचे आहे.

आधी अंतर. कलबुर्गीचा विमानतळ शहराच्या पूर्वेला श्रीनिवास सरडगीजवळ आहे. 22 नोव्हेंबर 2019 रोजी त्याचे उद्घाटन झाले, आणि सव्वातीन किलोमीटरच्या जवळ जाणारी त्याची धावपट्टी राज्यातल्या लांब धावपट्ट्यांमध्ये मोडते. बीदरला प्रवाशांसाठीची इमारत हवाई दलाच्या तळाला लागून आहे, आणि तिथून फेब्रुवारी 2020 मध्ये प्रवासी विमान सुरू झाले. या दोहोंमधले हवाई अंतर कुणालाही कागदावर काढता येते. कलबुर्गीचा विमानतळ साधारण 17.31 अंश उत्तर अक्षांश आणि 76.96 अंश पूर्व रेखांशावर आहे, बीदरचा 17.91 आणि 77.49 वर. म्हणजे अक्षांशात 0.60 आणि रेखांशात 0.53 अंशांचा फरक. अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटरचा असतो. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असला तरी ध्रुवाकडे जाताना आकसत जातो आणि आपल्या पट्ट्यात सुमारे 106 किलोमीटर भरतो. उत्तरेकडे 66 आणि पूर्वेकडे 56 किलोमीटर अशा दोन बाजू झाल्या. शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोणाचा नियम लावला की कर्ण निघतो 87 किलोमीटर. वैमानिक सागरी मैलात बोलतात. एक सागरी मैल 1.852 किलोमीटरचा, म्हणजे त्यांच्या भाषेत हे अंतर 47 मैल. रस्त्याने हुमनाबादवरून हेच अंतर 110 किलोमीटरच्या वर जाते. कुठल्याही दोन गावांसाठी ही रीत वापरता येते, आणि समोरचा आकडा रस्त्याचा की आकाशातला हे त्यावरून लगेच ओळखता येते.

आता वेळ. अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो हे गणित इथे जसेच्या तसे लावले तर ताशी 800 किलोमीटरने उडणारे जेट 87 किलोमीटर साडेसहा मिनिटांत कापेल. काही ठिकाणी या साडेसहा मिनिटांत चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवून 36 मिनिटे असे उत्तर दिलेले असते. पहिला आकडा प्रत्यक्षात येणारा नाही आणि दुसरा ठोकताळा आहे. ताशी 800 चा वेग दहा किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेतला आहे. त्या उंचीवरून उतरायला दर हजार फुटांमागे तीन सागरी मैल असा वैमानिकांचा साधा हिशेब असतो. तीस हजार फुटांवरून उतरायचे तर 90 सागरी मैल, म्हणजे 165 किलोमीटरहून जास्त अंतर लागते. बीदर–कलबुर्गी हे अख्खे अंतर एवढ्या उतरणीलाही पुरत नाही, मग चढणे बाजूलाच राहिले. विमानाला दहा हजार फुटांच्या आसपासच राहावे लागेल, आणि त्याखाली वेगाची मर्यादा सर्वसाधारणपणे 250 नॉट, म्हणजे ताशी 463 किलोमीटर असते. वाऱ्याची दिशा पाहून उड्डाण, वळसा घेऊन धावपट्टीच्या रेषेत येणे, उतरणे, हे धरून वीस मिनिटे हवेत आणि दहा मिनिटे जमिनीवर धावण्यात जातील. अर्धा तास हे प्रामाणिक उत्तर आहे. उड्डाण जितके छोटे, तितका त्यातला खरा वेगवान भाग छोटा, ही गोष्ट प्रादेशिक विमानाचा विचार करताना कायम लक्षात ठेवावी.

पण हा अर्धा तास म्हणजे प्रवास नव्हे. उड्डाणाच्या सुमारे तासभर आधी काउंटर बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोहोचणे सुरक्षित. उतरल्यावर सामान हाती येऊन बाहेर पडायला वीस मिनिटे, कलबुर्गीच्या विमानतळावरून शहरात यायला आणखी अर्धा तास. बीदर शहरातून विमानतळावर जाण्याचा वेळ न धरताही बेरीज तीन तासांच्या घरात जाते. एसटी किंवा कल्याण कर्नाटक परिवहनची बस हुमनाबाद, कमलापूर करत एवढ्याच वेळात, बहुधा आधीच, पोहोचवते. ऑक्टोबर 2017 मध्ये बीदर–कलबुर्गी हा 110 किलोमीटरचा रेल्वेमार्ग पूर्ण होऊन खुला झाल्यापासून तोही पर्याय आहे. प्रादेशिक विमानसेवेच्या ‘उडान’ योजनेचे 2016 चे मूळ धोरण ठरले तेव्हा सपाट मुलखातल्या मार्गांसाठी 200 ते 800 किलोमीटर अशीच मर्यादा घातली होती, त्यामागे हाच विचार आहे. दुर्गम, डोंगराळ भाग आणि बेटे यांना मात्र किमान अंतराची अट नव्हती, कारण तिथे किलोमीटर वेळेबद्दल फारसे काही सांगत नाहीत.

हा अपवाद नीट समजून घेण्यासारखा आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांदरम्यान 2.7 किलोमीटरचे नियमित विमान आहे. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटे दिलेली असतात आणि जगातले सर्वांत छोटे नियमित उड्डाण म्हणून ते प्रसिद्ध आहे. आळंदच्या बसस्थानकापासून एखाद्या वाडीवर चालत जावे एवढे ते अंतर. तरीही ते विमान व्यर्थ नाही, कारण मध्ये उत्तरेचा खवळलेला समुद्र आहे. आणखी वर, नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवरचे लाँगइयरब्येन 78 अंश उत्तरेला आहे. तिथे रेखांशाचा अंश आकसून 23 किलोमीटरवर येतो, त्यामुळे भिंतीवरच्या सपाट नकाशात तो प्रदेश खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो आणि नकाशावर पट्टी ठेवून काढलेले अंतर पार चुकते. तिथून मुख्य भूमीवरचे ट्रॉम्सो साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे, उड्डाण दीड ते पावणेदोन तासांचे, आणि मध्ये रस्ता किंवा रूळ असण्याचा प्रश्नच नाही. तिथल्या माणसाला विमान किती वेळ वाचवते हे विचारावे लागत नाही. आपल्याकडे काळी जमीन सलग आहे, पूल आहेत, बस आहे. म्हणून इथे विमानाचा विचार दुसऱ्या पर्यायाशी तुलना करूनच व्हायला हवा.

हवाई अंतर माणसाच्या सोयीबद्दल किती कमी सांगते याचा पुरावा बीदरच्याच इतिहासात आहे. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ उभारताना केलेल्या करारात, तिथून 150 किलोमीटर हवाई अंतराच्या आत 25 वर्षे दुसरा विमानतळ होऊ नये असे कलम होते. वरच्याच रीतीने मोजले तर शमशाबादपासून बीदरचा तळ सुमारे 124 किलोमीटरवर, म्हणजे रेघेच्या आत पडतो, आणि कलबुर्गीचा विमानतळ सुमारे 156 किलोमीटरवर, जेमतेम बाहेर. बीदरला धावपट्टी होती, प्रवाशांसाठी इमारतही तयार होती, तरी अनेक वर्षे विमान आले नाही, त्यात या कलमाचा मोठा वाटा होता. औराद, भालकीच्या माणसाला हैदराबादचे विमान गाठायला किती तास मोडावे लागतात हे त्या कलमात कुठेच मोजलेले नव्हते. करार करणाऱ्यांनी कर्ण मोजला आणि चालणाऱ्याची वाट त्यातून सुटली. प्रवास आखताना आपणही तेच करतो.

आता आळंदचा हिशेब मांडू. आळंद गावापासून कलबुर्गीचा विमानतळ हवाई मार्गे 50 किलोमीटर, सोलापूरचा 68, बीदरचा 104 आणि हैदराबादचा 200 च्या आसपास आहे. रस्त्याने कलबुर्गी शहर 40 किलोमीटरच्या थोडे पुढे आहे, पण विमानतळ शहराच्या पलीकडच्या अंगाला असल्याने शहर ओलांडण्याचा वेळ धरून दीड तास हवा. वागदरी, अक्कलकोट मार्गे सोलापूर 90 ते 95 किलोमीटर, दोन-सव्वादोन तास. हुमनाबादवरून बीदर 130 च्या आसपास, तीन तास. हैदराबादसाठी हुमनाबादला 65 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाला लागायचे, जहीराबाद मागे टाकायचे आणि पटानचेरूजवळ बाह्यवळण रस्त्यावर चढून शहरात न शिरता शमशाबाद गाठायचे. हे अडीचशे किलोमीटर, पाच तास धरावेत. यात आळंदहून थेट गाडी मिळाली असे धरले आहे. बसने जाणाऱ्याने प्रत्येक गाडी बदलण्यामागे अर्धा तास मिळवावा.

बंगळुरूला जायचे आहे असे समजू. कलबुर्गीहून बंगळुरू हवाई मार्गे 460 किलोमीटर, उड्डाण तास-सव्वातासाचे. दीड तास रस्ता, दीड तास विमानतळावर, सव्वा तास उड्डाण, अर्धा तास सामान, आणि देवनहळ्ळीहून शहराच्या मध्यापर्यंतच्या 35 किलोमीटरला सव्वा तास. बेरीज सहा तास. मार्च 2024 पासून धावणारी कलबुर्गी–बंगळुरू वंदे भारत पावणेनऊ तासांच्या आसपास घेते, घरापासूनची बेरीज अकरा तासांवर जाते. म्हणजे कलबुर्गीहून विमान असेल त्या दिवशी पाच तास वाचतात, आणि ही बचत खरी आहे. बीदरहून तेच विमान धरले तर रस्त्याचा दीड तास वाढून साडेसात तास होतात, तरी रेल्वेपेक्षा कमी. हैदराबादवरून मात्र साडेनऊ तास लागतात आणि गाडीभाडे वेगळे. म्हणून बंगळुरूसाठी क्रम असा: कलबुर्गीचे विमान, नसल्यास बीदरचे, तेही सोयीच्या वेळेला नसल्यास रात्रीची रेल्वे.

मुंबईला हा क्रम बदलतो. सोलापूरहून जून 2025 मध्ये गोव्याची आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. या विमानतळासाठी श्री सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेली, हे या पट्ट्यात सर्वांना आठवते. घरापासून धरले तर आळंद–सोलापूर–मुंबई विमानाने साडेसहा तास पडते. सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली तर साडेदहा-अकरा तास, पण त्यातले सात-आठ तास झोपेचे असतात आणि सकाळी माणूस थेट मुंबईच्या मध्यात उतरतो. दिवसा जागेपणी घालवलेला तास आणि रात्री आडवे होऊन घालवलेला तास यांची किंमत एक नसते. मुंबईत सकाळी काम असेल तर दुपारच्या विमानापेक्षा आदल्या रात्रीची गाडी जास्त वेळ वाचवते. दिल्ली किंवा परदेश असेल तर हैदराबादच बरे. दिवसभर उड्डाणे, एकच तिकीट, आणि मध्ये विमान बदलताना सामान किंवा जोड चुकण्याची भीती कमी.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: छोट्या विमानतळावर गर्दी नसते, मग दीड तास आधी कशाला? रांग छोटी असते हे खरे आहे. पण काउंटर बंद होण्याची वेळ रांगेवर ठरत नाही, आणि चुकलेल्या विमानामागे त्या दिवशी दुसरे विमान नसते. हैदराबादला विमान चुकले तर दोन तासांनी दुसरे मिळू शकते. कलबुर्गी-बीदरला दुसऱ्या दिवसापर्यंत किंवा आणखी थांबावे लागते. फेऱ्यांची संख्या हा प्रवासाच्या वेळेचाच भाग आहे. बीदरचे उदाहरण घ्या. 2020 मध्ये एका कंपनीने सुरू केलेली सेवा थांबली, 2022 मध्ये दुसऱ्या कंपनीने ती पुन्हा सुरू केली, डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा खंड पडला आणि एप्रिल 2025 मध्ये पुन्हा विमान आले. त्यात बीदरला हवाई दलाच्या वेळा सांभाळून नागरी विमानाला जागा द्यावी लागते. म्हणून लग्न, परीक्षा, मुलाखत, न्यायालयाची तारीख अशा न टळणाऱ्या कामासाठी छोट्या विमानतळाचे तिकीट काढताना आदल्या रात्रीच्या रेल्वेचा पर्याय माहीत असू द्यावा, आणि वेळापत्रक तिकीट काढताना एकदा व निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा तपासावे.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे: तास वाचवून काय करायचे, खर्च परवडायला नको का? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तरही त्याच बेरजेत आहे. ‘उडान’ सुरू झाली तेव्हा तासाभराच्या, सुमारे 500 किलोमीटरच्या उड्डाणाला 2,500 रुपयांची मर्यादा होती, पण ती विमानातल्या ठरावीक जागांपुरती, आणि कंपनीला मिळणारा तूटभरपाईचा आधार तीन वर्षांपुरता. उरलेल्या जागा बाजारभावाने जातात. म्हणून कुणाच्या तोंडून ऐकलेला दर धरून बेत आखू नये. तिकिटाच्या दरात विमानतळापर्यंतची गाडी, सामानाचे जादा पैसे आणि मुक्काम करावा लागला तर त्याचा खर्च मिळवावा, आणि त्या बेरजेला वाचलेल्या तासांनी भागावे. एका तासाची किंमत समोर येते. रोजंदारी बुडणारा, आजारी माणसाला घेऊन जाणारा आणि सुट्टीवर घरी येणारा विद्यार्थी या तिघांचे उत्तर वेगळे येईल, आणि तिघांचेही बरोबर असेल. कडगंचीच्या केंद्रीय विद्यापीठात दूरच्या राज्यांतून येणाऱ्या मुलांना तर सुट्टीच्या तारखा आधीच ठाऊक असतात, त्यांना रेल्वेचे आरक्षण लवकर करणे बहुतेक वेळा स्वस्त आणि पक्के पडते. रुग्ण बरोबर असेल तर तासांचा हिशेब करण्याआधी विमान कंपनीला त्याची स्थिती कळवून परवानगी घ्यावी. खुर्चीत बसू न शकणाऱ्या माणसाला छोट्या विमानात जागा मिळेल असे गृहीत धरू नये.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो हलका मानू नये. प्रत्येकाने असा हिशेब केला तर आपल्या भागातले विमान रिकामे जाईल आणि कायमचे बंद पडेल, मग मागासलेपण संपायचे कसे? पण मनातल्या अभिमानापोटी एकदा काढलेल्या तिकिटावर कुठलीही सेवा तगत नाही. ती तगते ज्यांचा वेळ खरोखर वाचतो अशा माणसांच्या नेहमीच्या येण्याजाण्यावर. सहा तास विरुद्ध अकरा तास हा बंगळुरूचा फरक पुरेसा मोठा आहे. तो वाया जातो वेळापत्रकामुळे. विमान दुपारी गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतले तर बंगळुरूत एका दिवसाच्या कामासाठी दोन रात्री मोडतात आणि वाचलेले पाच तास तिथेच संपतात. तेच विमान सकाळी जाऊन संध्याकाळी परतले तर पहाटे आळंद सोडलेला माणूस त्याच रात्री घरी येतो. आपल्या लोकप्रतिनिधींकडे नव्या विमानतळाची मागणी करण्याआधी आहे त्या विमानतळावर सकाळ-संध्याकाळची वेळ आणि त्या वेळेला जुळणारी आळंद–कलबुर्गी–विमानतळ बस मागावी. शहर ओलांडण्यात जाणारा अर्धा तास विमानाचा वेग वाढवून भरून निघणार नाही, बसने निघेल.

तेव्हा पुढच्या प्रवासाआधी एक कोरा कागद घ्यावा. एकाखाली एक लिहावे: घर ते विमानतळ, विमानतळावरचा वेळ, उड्डाण, सामान, तिथून मुक्काम, आणि परतीचे विमान कोणत्या दिवशी, किती वाजता. शेजारच्या रकान्यात रेल्वेचे तेच आकडे लिहून झोपेचे तास वेगळे दाखवावेत. खाली एक ओळ ठेवावी: हे विमान रद्द झाले तर पुढचे साधन कोणते आणि ते किती वाजता? ही ओळ भरता आली नाही तर ते तिकीट न टळणाऱ्या कामासाठी काढू नये. हा हिशेब करायला जेमतेम दहा मिनिटे लागतात. पूर्वी निघण्याआधी घरातले जाणते माणूस आभाळ, बैल आणि वाट पाहून मजला सांगत असे. तेच काम आता या कागदावर होईल.